चवथीआधी सहा कपडे, दुपारच्या दीड तासात

लावणी उरकली, चिखलातले पाय एकदाचे कोरडे झाले, की आमच्या कुडाळ-मालवणकडे घरोघरी एक ठरलेला प्रश्न उठतो: चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घालायचं काय? शिंप्याकडे जावं तर त्याची वही आषाढातच भरलेली असते. "आता चवथीनंतर गे बाय," एवढं ऐकून परत यायचं. तयार घ्यावं तर बाही तोकडी, नाहीतर कापड असं की दमट हवेत अंगाला चिकटून बसतं. या कटकटीला कंटाळून मी एका वर्षी आईच्या काळ्या पायमशीनवरची चादर काढली. त्या वर्षी महिनाभर खपून दीड कुर्ता झाला. दीड म्हणजे दुसऱ्याला बाह्याच लागल्या नाहीत. आता तेवढ्याच दिवसांत सहा कपडे होतात, आणि माझा हात काही फार चपळ झालेला नाही. बदलला तो कामाचा क्रम.

ज्यांना मशीनवर सरळ टीप मारता येते, पण कपडा पुरा होता होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मशीनला अजून हातच लावला नसेल तर आधी आठवडाभर जुन्या चादरीवर सरळ आणि गोल टिपा मारून या.

आधी दिवस मोजा

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे चवथ लांबून १४ सप्टेंबरवर गेली आहे. श्रावण १३ ऑगस्टला लागतो आणि ११ सप्टेंबरच्या अमावास्येला संपतो. वाटतं, महिना हातात आहे. पण त्यातला शेवटचा आठवडा मोजूच नका. भिंतींना रंग, माळ्यावरची भांडी, माटवी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट), करंज्या. त्या दिवसांत मशीनला घरात जागासुद्धा उरत नाही. राहिले साधारण तेवीस दिवस. त्यात नागपंचमी येते, आणि आमच्या घरी त्या दिवशी विळी, कात्री, सुई कशालाच हात लावायचा नाही. राखीपौर्णिमा आहे, गोकुळाष्टमी आहे, अवचित पाहुणा आहे, पोराचा ताप आहे. खरे हाती लागतात ते सतरा दिवस. जेवणं आटोपल्यावर रोज दुपारी दीड तास धरला तर पंचवीस तास.

मला एक साधा कुर्ता सुट्टा शिवायला सहा तास लागतात. त्या हिशोबाने पंचवीस तासांत चार कपडे. मग सहा कसे बसवायचे? एकदा मी घड्याळ लावून बसले, तेव्हा कळलं की मशीन प्रत्यक्ष फिरते ती त्यातले जेमतेम दोन तास. बाकीचा वेळ जातो मांडामांडीत. कटिंगसाठी माजघर झाडायचं, पुसायचं, चटई घालायची, कापड पसरायचं, पुन्हा सगळं आवरायचं, यातच पाऊण तास. सहा कपडे सहा वेळा कापले तर साडेचार तास नुसते जमीन मोकळी करण्यात गेले. तसंच दोरा बदलणं, बॉबिन भरणं, इस्त्री तापायची वाट बघणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "आता पुढे काय?" म्हणून कापड हातात घेऊन बसणं.

म्हणून कपडा धरून काम करायचं नाही, काम धरून कपडे पुढे सरकवायचे. सगळ्यांचं कापड एकदम भिजवायचं, सगळ्यांचं कटिंग एकाच दिवशी, सगळे खांदे एका बैठकीत.

सहा कपडे, पण फर्मे दोनच

नवशिक्यांची हौस इथेच नडते. एक अनारकली, एक कॉलरचा कुर्ता, एक जॅकेट, असं ठरवलं की प्रत्येक कपडा पहिल्यापासून शिकावा लागतो. माझा बेत असा: एकाच फर्म्यावरचे, म्हणजे कापायच्या एकाच कागदी नमुन्यावरचे, तीन कुर्ते, दुसऱ्या फर्म्यावरच्या दोन इलॅस्टिकच्या पँटी, आणि सहावा म्हणजे तोच कुर्ता पायघोळ करून घरात घालायचा गाऊन. तीन कुर्ते आणि दोन पँटी एकमेकांना चालतील अशा रंगांच्या घेतल्या तर सहा जोड होतात. गणपती पाच दिवसांचा असला तरी पुरतात.

तिन्ही कुर्त्यांना गळा एकच ठेवा. कोणाला कळत नाही. एक छापील, एक साधा, एक काठाचा असला की बघणाऱ्याला तीन वेगळे कुर्ते दिसतात. मला दरवर्षी एक मावशी विचारते, "हे तिन्ही वेगवेगळ्या शिंप्यांकडे दिलेस काय गे?" मी हो म्हणते.

कापड

दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, मग भाव. ४४ इंची पन्ह्यात ४२ इंच उंचीच्या कुर्त्याला खांद्याची अर्धा इंच माया (शिलाईपलीकडे ठेवायचं जास्तीचं कापड) आणि खालची दीड इंच दुमड धरून ४४ इंच लागतात. पुढचा आणि मागचा भाग मिळून ८८. त्याखाली दोन बाह्या शेजारी शेजारी बसतात. अर्ध्या बाहीला अडीच मीटर, पाऊण बाहीला पावणेतीन मीटर. ५८ इंची पन्हा मिळाला आणि तुमचा घेर त्यात पुढचा-मागचा शेजारी मावण्याइतका असला, तर पावणेदोन मीटरमध्ये काम होतं. पँटीला ४४ इंची पन्ह्याचं सव्वादोन मीटर. या प्रत्येकात आटण्यासाठी पाव मीटर जास्त घ्या.

पहिल्या वर्षी सुतीच घ्या. केंब्रिक सगळ्यात शहाणं कापड: घडी धरतं, सरकत नाही, खडू नीट उमटतो. रेयॉन दुकानात हाताला गोड लागतं, पण कात्रीखाली पाण्यासारखं पळतं. मलमल पावसाळ्यात अंगावर सुखाची, मात्र पांढऱ्या मलमलीला अस्तर लागतं आणि अस्तर म्हणजे दुप्पट काम. खणाचा मोह मलाही होतो, पण त्याचा पन्हा अरुंद. अख्खा कुर्ता त्यात बसवायला कळ्या जोडत बसावं लागतं. तेवढ्या वेळात दुसरा कुर्ता होतो. गळपट्टीपुरता खण घ्या.

आणि एक फुकटचा रस्ता सांगते: आईची किंवा सासूची जुनी सुती साडी. साडेपाच मीटरमध्ये अर्ध्या बाहीचे दोन कुर्ते निघतात, आणि साडी शेकडो वेळा धुतलेली असल्यामुळे आटायचा प्रश्न मिटलेला असतो. फक्त खिडकीशी धरून बघा. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या घडीवर ती विरलेली असते. ते भाग वगळून फर्मा बसवायचा.

नवीन कापड मात्र पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इतकं आटू शकतं. म्हणजे ४२ इंची कुर्ता दीड-दोन इंचांनी वर चढला. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, रंग जाणारं वेगळ्या बादलीत. पिळू नका, नुसतं निथळवा. मे महिन्यात हे तासाभरात वाळलं असतं. श्रावणात पडवीत दोन दिवस टांगूनही ते हाताला गार लागतं. म्हणून हे काम दिव्यांच्या अवसेच्या आधीच करून ठेवते, म्हणजे ते पंचवीस तासांत मोजावं लागत नाही. किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच घडी घाला. ओलसर घडीला आठवड्यात बुरशी धरते, तिचे काळे ठिपके मग जात नाहीत.

फर्मा: इथे घाई नको

सगळ्या कामात मी जाणूनबुजून वेळ घालवते ती ही जागा. मापं घेऊन छातीचा चौथा भाग, मुंढ्याची (बाही जोडायच्या गोलाची) खोली वगैरे हिशोब मांडण्यापेक्षा नवशिक्याने अंगाला नेटका बसणारा जुना कुर्ता घ्यावा. ताणला जाणाऱ्या होजिअरीचा नको. तो मधोमध उभा दुमडायचा, दोन वर्तमानपत्रं चिकटवून त्यावर ठेवायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. मागचा भाग आधी काढा, मग पुढचा. पुढचा गळा जास्त खोल असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचा मुंढाही मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत कोरलेला असतो, हे बहुतेकजणी विसरतात आणि मग काखेत कापड गोळा होतं. बाही वेगळ्या कागदावर, तिच्या पुढच्या बाजूला खूण करून.

ही झाली कुर्त्याची बाहेरची रेघ. आता माया: बाजूंना एक इंच, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच, गळ्याला पाव इंच. बाजूला एक इंच ठेवायचं कारण चवथीचे मोदक. पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतं. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची रेघ ओढा आणि "पुढचा", "मागचा", "घडीवर" असं ठळक लिहा. दुपारी झोप डोळ्यांवर असताना ही अक्षरंच उपयोगी पडतात.

मग जुन्या चादरीचा कंबरेपर्यंतचाच एक नमुना शिवून बघा. गळापट्टी नको, दुमड नको, मोठ्या टाक्यांनी तासाभरात होतो. तो घालून दोन्ही हात वर करा, दोरीवरचे कपडे काढताना करतो तसे. खाली वाकून केर भरा. पाटावर बसा. कुठे ओढलं तर फर्म्यावर तिथेच दुरुस्ती. एका वर्षी मी हा तास वाचवायला गेले. गळा खांद्याच्या बाजूला अर्धा इंच जास्त कोरला गेला होता, आणि एकाच फर्म्यावर कापल्यामुळे तो तिन्ही कुर्त्यांत तसाच उतरला. एकत्र काम करण्यातला धोका हाच, चूकही तिप्पट होते. त्या तिन्हींना मी आतून पट्टी जोडून गळा आवळला. दोन दुपारी गेल्या, आणि खांदा सावरत आरत्या म्हटल्या.

पँटीचा फर्माही असाच जुन्या पँटीवरून. इलॅस्टिक सोडून कंबर पूर्ण ताणून काढायची, वर नेफ्यासाठी (इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी) दोन इंच, खाली दुमडीला दीड.

कटिंगचा दिवस

हा एक दिवस घरातल्यांकडून मागून घ्या. मी रविवार सकाळचे चार तास घेते आणि स्वयंपाक नवऱ्यावर सोडते. सकाळच कशाला? पावसाळ्यात तीन वाजताच माजघरात अंधारतं, आणि निळ्यावर निळा खडू दिसत नाही.

कापड लांबीत दुमडा, सुलट बाजू आत, काठाला काठ जुळवून. आधी मोठे तुकडे बसवा, मग बाह्या, उरलेल्या कोपऱ्यात गळ्याची तिरपी पट्टी. दुमडलेल्या कापडावर बाही कापली की उजवी-डावी आपोआप निघते. एकेरी कापडावर कापावी लागली तर दुसरीच्या वेळी फर्मा पालथा घालायचा, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. छापील कापडावर फुलांची तोंडं कुठे आहेत ते आधी बघा. तिन्ही कुर्त्यांची कापडं एकावर एक रचून एकदम कापायचा मोह आवरा. कारखान्यात त्यासाठी वेगळी यंत्रं असतात. आपल्या कात्रीखाली खालचा थर सरकतो.

बाहीचा मध्य, मुंढ्याची पुढची बाजू, बाजूचा कट (खालची उघडी चीर) जिथून सुरू होतो ती जागा, इथे मायेतच बारीक कातरून खूण करा. शिवताना माप पुन्हा काढावं लागत नाही.

कापून झालं की एकेका कपड्याचे तुकडे एकेका कापडी पिशवीत. टाचण्या लावून ठेवू नका. आमच्या हवेत दोन रात्रींत टाचणीला गंज चढतो आणि कापडावर तांबडा डाग उमटतो. मी वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे लावते. डाग पडलाच तर पांढऱ्या सुतीवर लिंबू-मीठ चालतं, रंगीत कापडावर रंगही उडतो.

घरी इंटरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून कड बांधणारं मशीन) नसेल तर या पिशव्या घेऊन दुसऱ्याच दिवशी एसटीने बाजार गाठा आणि सगळ्या तुकड्यांना एकदम इंटरलॉक करून आणा. एकच फेरी. श्रावण अर्ध्यावर गेल्यावर त्या दुकानातही रांग लागते. फेरी करायची नसेल तर बाजूंची शिलाई दुहेरी घाला: कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर पहिली टीप, कडा कातरून पलटायचं, मग सुलट बाजू आत ठेवून दुसरी टीप. सुटलेले धागे आतच बंद होतात. वेळ थोडा जास्त, पण एसटीची वाट बघण्याइतका नाही.

शिवायला बसताना

पहिल्या दिवशी नवी सुई घाला. केंब्रिकला १४ नंबर, मलमलीला ११. गेल्या वर्षीची बोथट सुई टाके गाळते आणि आपण दोऱ्याच्या ताणाचा (टेन्शनचा) स्क्रू पिळत बसतो. मशीनला तेल देऊन चिंधीवर पाच मिनिटं चालवा, नाहीतर पहिल्या कुर्त्यावर तेलाचा ठिपका ठरलेला. पायमशीनचा चामडी पट्टा पावसाळ्यात सैल होऊन घसरतो. अर्धा इंच कापून क्लिप पुन्हा अडकवली की झालं. चार बॉबिन आधीच भरून ठेवा. आतल्या शिलाईला सगळ्या गडद कपड्यांत राखाडी दोरा चालतो, कोणी उलटून बघत नाही. वरून दिसणाऱ्या टिपेलाच रंग जुळवा. टाका इंचाला दहाच्या आसपास.

आता खांदे. पहिल्या कुर्त्याचा खांदा संपला की दोरा कापू नका, दोन टाके रिकामे जाऊ द्या आणि लगेच दुसरा खांदा सरकवा. तीन कुर्ते आणि गाऊन मिळून आठ खांदे तोरणासारखे मशीनमागे लटकतात. मग एकदम कातरा, एकदम इस्त्री करा. अर्ध्या तासात आठ खांदे.

गळ्याला वेळ द्या, कपडा घरचा की शिंप्याचा हे तिथेच कळतं. तिरपी पट्टी खरंच तिरपी, म्हणजे काठाशी ४५ अंशांत कापलेली हवी, सव्वा इंच रुंद. आडव्या धाग्याची पट्टी गोलावर सुरकुत्या पाडते. पट्टी सुलट बाजूला ठेवून पाव इंचावर टीप, मग गोलावर मायेला बारीक काप द्या (टिपेपर्यंत नाही, दोन धागे अलीकडे), पट्टी आत वळवा, कड दुमडून टीप. पट्टी लावताना किंचित ओढत चला, कुर्ता ओढू नका. पहिला गळा तासभर घेईल, चौथा वीस मिनिटांत होईल. हे एकामागून एक करण्याचं खरं सुख, हाताला कालची आठवण असते. छापील कापडाचा गळा आधी करा, तिथे चुकलेलं दिसत नाही.

बाही लावताना शिंपी करतात ते करा: बाजू शिवायच्या आधी, कुर्ता सपाट पसरलेला असतानाच बाही मुंढ्याला जोडा. बाहीच्या मध्याची खूण खांद्याच्या शिलाईवर. मग बाहीच्या टोकापासून काखेतून थेट कटापर्यंत एकच लांब टीप. गोल मुंढ्यात गोल बाही बसवताना होणारी रडारड टळते. काखेत एक टीप जास्त मारा.

पँटी कुर्त्यांच्या मधेच घ्या, गळ्यांनी डोकं शिणलं की. आधी पुढचे दोन भाग बैठकीच्या गोलावर जोडायचे, मग मागचे दोन, तिथे दुहेरी टीप. मग बाहेरच्या बाजू, मग एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत आतली शिलाई. नेफ्यात एक इंची इलॅस्टिक, कंबरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी. टोकं जोडण्याआधी घालून बघा.

लाइट जाणारच. पायमशीनला तिचं काही नाही, पण इस्त्री आणि डोळे दोन्ही अडतात. त्या वेळेसाठी हातशिलाई राखून ठेवा: खालची तुरपाई, हुक, दोरे कातरणं. मी ती पिशवी पडवीतल्या खुंटीला अडकवते, पाऊस बघता बघता काम उरकतं.

उठताना उद्याचं पहिलं काम मशीनशेजारी काढून ठेवा, चिठ्ठीसकट: "गाऊनची डावी बाही." मशीनच्या सुईजवळच्या, कापड दाबणाऱ्या पायाखाली नको, रात्रभर दाबून राहिलेल्या कापडालाही गंज लागतो. दुसऱ्या दुपारी बसल्या बसल्या टीप सुरू होते.

मागे पडलात तर

राखीपौर्णिमेपर्यंत, म्हणजे २८ ऑगस्टला, सगळे गळे झालेले हवेत. नसतील तर त्याच दिवशी गाऊन बाजूला काढा, मग गरज पडली तर तिसरा कुर्ता. पिशवी बांधून वर ठेवून द्या, कापलेलं कापड कुठे जात नाही. दिवाळी येतेच. तुरपाईला वेळ नसेल तर खालची दुमड सरळ मशीनने मारा. मला स्वतःला तुरपाई आवडते, पण भजनाच्या गर्दीत कुर्त्याची खालची कड कोणी तपासत नाही.

शेवटी प्रत्येक कपडा एकदा धुऊन इस्त्री करून घ्या, खडू आणि तेल निघून जातं, वाळायला दोन दिवस धरा. मशीनमधली सुई काढून तेलाच्या चिंधीत गुंडाळा, पट्टा उतरवा, वर चादर घाला. आमच्याकडे तिच्यावर मग माटवीचं सामान येऊन बसतं, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत ती दिसत नाही.